उन्हाळ्यात तळ्यातले मासे पहाटेच का मरतात?

"मॅडम, रात्रीतून कुणीतरी तळ्यात औषध टाकलंय."

मे महिन्यातली सकाळ, सातही वाजले नव्हते, आणि आमचे वॉचमनकाका दारात उभे. आमच्या सोसायटीच्या बागेत एक छोटं तळं आहे. दहा पावलं लांब, सहा पावलं रुंद, कमरेच्या जरा खालीच पाणी आणि मधोमध कारंजं. बिल्डरच्या माहितीपुस्तिकेत त्याचं नाव 'लोटस पाँड' असं होतं. कमळ एकही नाही, मासे मात्र होते. कुणीकुणी हौसेनं आणून सोडलेले, वाढून हातभर झालेले. त्या दिवशी त्यातले सगळ्यात मोठे सात-आठ मासे पोट वर करून तरंगत होते. पुढच्या आठवडाभरात संशय आधी पेस्ट कंट्रोलवाल्यावर गेला, मग टाकी धुणाऱ्यांवर, आणि शेवटी ज्यांचं कुणाशीच पटत नाही अशा एका बिऱ्हाडावर येऊन थांबला.

मी शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे असल्या बाबतीत लोक माझ्याकडे येतात. त्या सकाळी मी तळ्याच्या काठावर बसून आधी मेलेले नाही, तर जिवंत कोण आहे ते पाहिलं. डासांसाठी सोडलेले गप्पी मासे काठाकाठानं मजेत फिरत होते. दगडाला चिकटलेल्या गोगलगायी जागच्या जागी होत्या. एक बेडूक माझ्याकडे बघून पाण्यात उडी मारून गेला. कीटकनाशक तळ्यात पडलं असतं तर ते असं निवडून निवडून मारत बसलं नसतं. पाण्यातले किडे आणि चिमुकले मासे सहसा आधी गेले असते. इथे उलटं झालं होतं. थोराड मेले, पोरं वाचली. आणि मेले ते पहाटे, कारण रात्री दहाला काकांनी फेरी मारली तेव्हा सगळं ठीक होतं.

मोठे आधी, छोटे नंतर, आणि वेळ पहाटेची. एवढं जुळलं की नव्वद टक्के वेळा मी एकच निदान करते: मासे गुदमरले. पाण्यातला ऑक्सिजन संपला.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "पण मॅडम, ऊन किती आहे बघा ना. शिजले असतील." बहुतेक उन्हाळ्यांत पुण्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि दरवर्षी हे वाक्य ऐकू येतं. तर आधी ते निकालात काढू. हवा ४१ अंशांवर गेली म्हणून तळ्याचं पाणी ४१ अंशांवर जात नाही. घरातला माठ आठवा. बाहेर भाजत असतं, माठातलं पाणी गार असतं, कारण माठाच्या अंगातून झिरपणारं पाणी वाफ होऊन जाताना उष्णता बरोबर घेऊन जातं. तळं हा एक मोठा उघडा माठच आहे. एप्रिलमधली पुण्याची हवा कोरडी असते, बाष्पीभवन जोरात होतं. रोज जवळपास सेंटीमीटरभर पाणी उडून जातं, आणि त्या बदल्यात पाणी तीस-बत्तीस अंशांच्या आसपास राहतं. रोहू, कटला, मृगळ हे आपल्याकडचे मासे एवढी ऊब सहज सोसतात. पस्तीस अंशांपर्यंतही तग धरतात. अगदी वीतभर उथळ, काळ्या फरशीचं हौदवजा तळं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे खरोखर चटका बसू शकतो. एरवी उन्हाचा गुन्हा सरळ खुनाचा नाही. त्यानं मदत केली, एवढंच.

ती मदत कशी, हे समजायला थोडे आकडे लागतील. घाबरू नका, थोडेच आहेत.

आपण श्वास घेतो त्या एक लिटर हवेत अडीचशे मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात, ते हवेशी अगदी तुडुंब जुळलेलं असलं तरी, सात-आठ मिलिग्रॅम. म्हणजे मासा आपल्यापेक्षा साधारण तीस-पस्तीस पट गरीब घरात राहतो. शिवाय हवेपेक्षा पाण्यात ऑक्सिजन हजारो पट सावकाश पसरतो, त्यामुळे एका कोपऱ्यात संपला तर दुसरीकडून चटकन येतही नाही. माशाचे कल्ले या गरिबीत संसार करायला बनलेले आहेत. कल्ल्यांत रक्त एका दिशेनं वाहतं आणि पाणी उलट दिशेनं, त्यामुळे पाण्यातला बहुतेक ऑक्सिजन ते ओढून घेऊ शकतात. आपल्या फुप्फुसांना हे जमत नाही, आपण आत घेतलेल्यातला बराचसा तसाच बाहेर सोडतो. परवडतं आपल्याला.

आता पाणी तापलं की दोन गोष्टी एकदम होतात, आणि दोन्ही माशाच्या विरोधात. एक, पाण्याची ऑक्सिजन धरून ठेवायची क्षमता घटते. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९.१ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ७.५. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, इथे हवेचा दाब सहाएक टक्के कमी, तेवढी आणखी कात्री. म्हणजे सातच्या आसपास. सोड्याची थंड बाटली उघडी ठेवली आणि ती कोमट झाली की बुडबुडे निघून जातात, तोच हा प्रकार. दुसरी गोष्ट, मासा थंड रक्ताचा. पाणी दहा अंशांनी तापलं की त्याच्या शरीराची चूल साधारण दुप्पट वेगानं पेटते आणि ऑक्सिजनची भूकही तेवढीच वाढते. पुरवठा घटला, मागणी दुप्पट.

तरीही सात मिलिग्रॅम काही वाईट नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यजीवनासाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरलेला आहे. तीनच्या खाली मासे अस्वस्थ होतात, एकच्या खाली बहुतेक जाती फार वेळ काढू शकत नाहीत. मग सातावरून एकावर तळं येतं कसं? आणि तेही नेमकं पहाटे, जेव्हा आपल्याला छान गार वाटत असतं?

इथे गोष्टीत शेवाळ येतं. तळ्याचं पाणी हिरवं दिसतं ते डोळ्यांना सुटं न दिसणाऱ्या सूक्ष्म शेवाळामुळे. दिवसा उन्हात ते अन्न तयार करतं आणि ऑक्सिजन सोडतं. हिरव्यागार तळ्यात दुपारी चार वाजता लिटरला बारा-पंधरा मिलिग्रॅमही सापडतो, म्हणजे मावतो त्याच्या दुप्पट. जास्तीचा बुडबुड्यांतून उडून जातो. पण शेवाळ ही वनस्पती असली तरी तिलाही चोवीस तास श्वास घ्यावाच लागतो. सूर्य मावळला की उत्पादन बंद, आणि खाणारी तोंडं मात्र तीच. शेवाळ, तळाच्या गाळातले जिवाणू, किडे आणि मासे. गंमत अशी की या खर्चात माशांचा स्वतःचा वाटा बहुतेक वेळा छोटा असतो. खरे उधळे म्हणजे शेवाळ आणि गाळ.

पुण्यातल्या माणसाला हे टाकीच्या हिशेबानं चटकन कळतं. पाणी ठरलेल्या वेळी येतं, तेवढ्यात टाकी भरून घ्यायची आणि पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायची. तळ्याची ऑक्सिजनची टाकी दिवसा भरते आणि रात्रभर पुरवावी लागते. समजा डिसेंबरात सूर्यास्ताला लिटरमागे ९ मिलिग्रॅम आहे आणि गार पाण्यात तासाला ०.३ खर्च होतो. तेरा तासांच्या रात्रीत चारएक जातील, सकाळी पाच उरतील. सगळे खूश. आता मे महिन्याचं बघा. दुपारच्या हिरव्या कमाईमुळे सूर्यास्ताला ११ आहे, हिवाळ्यापेक्षा जास्तच. पण तापलेल्या पाण्यात, गाळ आणि शेवाळ दोन्ही भरपूर असताना, तासाला ०.९ उडतो. रात्र अकरा तासांची, म्हणजे छोटी. तरीही नऊच्या वर खर्च झाले आणि पहाटे दोनसुद्धा शिल्लक नाहीत. वाऱ्याची झुळूक आली तर पृष्ठभागातून हवेतला थोडा आत येतो. पण उन्हाळी पहाटे बहुधा पानही हलत नसतं, आणि आमच्यासारख्या तळ्याला चारही बाजूंनी इमारती. आकडे मी समजायला सोपे घेतलेत, दर तळ्याचे वेगळे निघतील. पण रात्रीच्या हिशेबाची रीत हीच.

म्हणून घात होतो तो उजाडण्याच्या अगदी आधी. सूर्य वर आला की अर्ध्यापाऊण तासात शेवाळ कामाला लागतं आणि टाकी पुन्हा भरू लागते.

मोठे मासे आधी का जातात? त्यांना एकूण ऑक्सिजन जास्त लागतो हे एक. दुसरं म्हणजे पाण्याचा अगदी वरचा, कागदाइतका पातळ थर हवेला चिकटून असतो आणि तिथे ऑक्सिजन टिकून राहतो. गप्पी माशाचं तोंडच वरच्या बाजूला वळलेलं. तो आरामात त्या थरातलं पाणी पितो. हातभर कटल्याला ते नीट जमत नाही. मरळ आणि मांगूर यांची तर बातच सोडा. त्यांच्याकडे हवेतून थेट श्वास घ्यायची सोय आहे, तळं सडलं तरी ते मस्त असतात. उजनीतून बाजारात येणारी चिलापीही कमी ऑक्सिजनला बरीच दाद देत नाही. एखाद्या तलावात फक्त या जातीच उरल्या असतील तर तिथे अशा किती पहाटा होऊन गेल्या असतील याचा अंदाज बांधता येतो.

आता एक गोष्ट, जी मला दरवर्षी चीड आणते. मासे गुदमरायच्या आधी एक-दोन दिवस पहाटे वर येतात, पृष्ठभागाला तोंड लावून उघडझाप करत राहतात. सहाच्या सुमाराला फिरायला आलेली मंडळी हे पाहतात आणि म्हणतात, "अगंबाई, भूक लागलीय बघ त्यांना." मग पाव येतो, कुरमुरे येतात, कालची पोळी येते. माशांचं खाण्यात लक्षच नसतं. सगळं तळाशी जातं, तिथे कुजतं आणि कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खातं. निर्माल्याचंही तेच. मी एक पाटी लावली होती: 'मासे भुकेले नाहीत. ते श्वास घेत आहेत. पाव आपण खावा.' दोन दिवसांत तिच्याखाली कुणीतरी बिस्किटाचा अख्खा पुडा रिकामा केला.

पाणी तपासायला देण्याची तऱ्हाही अशीच. मासे मेले की तक्रार होते, नमुना घ्यायला माणूस येतो तो अकरा-बारा वाजता. तोवर ऊन चढलेलं, शेवाळानं पाच तास काम केलेलं. अहवाल येतो: ऑक्सिजन ६.५, पाणी उत्तम. मग सगळे म्हणतात, पाणी चांगलं होतं म्हणजे नक्कीच विष. अहवाल खोटा नसतो, तो चुकीच्या वेळेचा असतो. घरफोडी रात्री झाली आणि पंचनामा भरदुपारी केला तर चोर घरात सापडेल का? ऑक्सिजन मोजायची जुनी रीत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञानं १८८८ मध्ये दिली आणि ती अजून चालते. पाण्याच्या बाटलीत जागेवरच दोन रसायनं घालायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. शाळेत मुलांना मी हा प्रयोग दाखवायचे. पहाटे पाचला भरलेली बाटली पांढरट आणि त्याच तळ्याची दुपारची बाटली गडद तपकिरी, शेजारी शेजारी ठेवल्या की मग काही समजावून सांगावं लागत नसे. आता हातात धरायची डिजिटल यंत्रं मिळतात. पण यंत्र कोणतंही असो, गजर साडेचारचा लावायला हवा.

पहाटेचा हा नियम एका प्रसंगी मोडतो, तो म्हणजे वळवाचा पाऊस. दिवसभर तापलेलं पाणी हलकं होऊन वर राहतं, तळाचं गार आणि जड पाणी खाली. दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. आमच्या तळ्यासारख्या उथळ जागी हे रात्री मोडतं, कारण वरचं पाणी गार होऊन खाली बसतं. पण दहा फूट खोल शेततळ्यात, चहूबाजूंनी बांध आणि वारा लागायला जागा नाही, तिथे हे थर दिवसेंदिवस तसेच राहतात. वर ऑक्सिजन भरपूर, तळाशी शून्य, आणि त्या तळाशी गाळ कुजून सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू साठत जातो. मग एका संध्याकाळी धुळीची वावटळ येते, ढग गडगडतात आणि वळीव कोसळतो. गार पाऊस जड, तो खाली जातो; वारा पाणी ढवळतो; आणि तळातलं सगळं मेलेलं पाणी एकदम वर येतं. मासे रात्रीतच संपतात. वरून दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं असलं तर शेवाळालाही ऊन नाही, म्हणजे सुटका नाहीच. सकाळी लोक म्हणतात, वीज पडली.

शेततळ्यांची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी, कारण सोसायटीतले आठ मासे ही हळहळ, तिथे मात्र नुकसान पोटाला लागतं. राज्यात २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तेव्हापासून पुरंदर, बारामती, इंदापूर, शिरूर पट्ट्यात प्लास्टिक अंथरलेली तळी जागोजाग दिसतात. पाणी खरं तर डाळिंबासाठी, कांद्यासाठी. त्यातच जोडधंदा म्हणून रोहू, कटला आणि सायप्रिनस या माशांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडतात. पावसाळ्यात सोडलेली बोटुकली एप्रिलपर्यंत अर्धा-पाऊण किलोची होते. नेमक्या त्याच वेळी बागेला पाणी देऊन देऊन तळं निम्म्यावर आलेलं असतं. म्हणजे माशांचं वजन कैकपट वाढलेलं, घर अर्धं झालेलं, आणि वर खाद्य चालूच, कारण विक्रीपूर्वी वजन वाढवायचं असतं. घाई नडते ती इथे. जाणते लोक मार्च संपायच्या आत मोठे मासे काढून विरळणी करतात. भाव थोडा कमी मिळतो, पण रात्री झोप लागते.

अमोनियाबद्दल दोन ओळी. माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून तो तयार होतो. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, सातच्या आसपास असेल तर त्यातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. पण दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं तसा सामू चढतो. तो नऊवर गेला आणि पाणी तीस अंशांवर असलं तर चाळीस टक्क्यांहून जास्त अमोनिया विषारी होतो. त्यामुळे हिरव्या पाण्यात भर उन्हाळ्यात 'पाणी साफ करायला' म्हणून चुना टाकणं हा उपाय नव्हे, आगीत तेल आहे.

मग करायचं काय? सगळ्यात स्वस्त यंत्र आपल्या खांद्याला लटकलेलं आहे. कोपरापर्यंत हात पाण्यात सरळ घाला. तळहात दिसतोय? ठीक. मनगटाच्या अलीकडेच सगळं हिरव्यात गडप होत असेल तर पाण्यात शेवाळाची गर्दी झालीय, आता जपायचं. खाद्य ताबडतोब बंद करायचं. मासे काही दिवस उपाशी राहून मरत नाहीत, ही गोष्ट आपल्या आयाबहिणींना पटवणं हेच अवघड. ताजं पाणी घालायचं ते उंचावरून, फवाऱ्यासारखं. बोअरचं पाणी जमिनीखालून येतं, त्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. पाइप तळाशी सोडून ते भरलं तर उपकाराऐवजी अपकार. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो आणि तो कल्ले जाळतो, म्हणून ते दिवसभर उघड्यावर ठेवून किंवा अगदी थोडं थोडं घालावं. मेलेले मासे लगेच काढून पुरायचे, कारण तेही कुजताना ऑक्सिजन खातात. कुणी फुकट नेतो म्हटलं तरी देऊ नका. जलपर्णीनं तळं झाकलं असेल तर ती ओढून बाहेर टाकायची. तिच्याखाली ना ऊन जातं ना वारा. आणि गाळ. मे महिन्यात तलाव आटल्यावर गाळ काढून शेतात टाकायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना २०१७ ची; गाडीबैलानं गाळ वाहणाऱ्यांचा तो शहाणपणा कितीतरी आधीचा.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी हवेत उडवणं, आणि ते योग्य वेळी. शेततळ्यावर मोटर लावून पाणी उचलून परत तळ्यातच पाडलं तरी पुष्कळ काम होतं. रात्रपाळीच्या विजेच्या नावानं शेतकरी बोटं मोडतो, पण या एका कामाला ती अगदी वेळेवर येते.

आमच्या सोसायटीत मात्र कारंजं संध्याकाळी सात ते नऊ चालायचं, निळ्या दिव्यांसह. म्हणजे दिवसाच्या कमाईमुळे तळ्यात ऑक्सिजन जेव्हा अजून भरपूर असतो त्या वेळी. पाणी मावतं त्याहून जास्त भरलेलं असताना कारंजं उडवलं तर उलट जास्तीचा ऑक्सिजन हवेत निघून जातो. आणि रात्री नऊनंतर, जेव्हा खरी गरज, तेव्हा वीजबचत. मी सर्वसाधारण सभेत मांडलं की वेळ बदलून पहाटे दोन ते सात करा. शांतता पसरली. मग खजिनदार म्हणाले, "मॅडम, पहाटे दोनला कारंजं बघणार कोण?"

ठराव शेवटी मंजूर झाला, सहा महिन्यांच्या प्रयोगासाठी. पहिल्याच आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी पत्र दिलं की पाण्याच्या आवाजानं त्यांना रात्रीतून चारदा उठावं लागतं. मग प्लंबरला बोलावून कारंजाचं तोंड काढलं आणि पाइप पाण्याच्या वर वीतभर आडवा बसवला. धार जवळच पडते, आवाज निम्मा झाला, पाणी मात्र छान ढवळतं. परवा पहाटे साडेचारला मी टॉर्च घेऊन खाली गेले तेव्हा उरलेले दोन मोठे मासे त्या धारेखाली उभे होते, तोंडं मिटलेली. आजोबांची अजूनही तक्रार आहे, पण ती लेखी आलेली नाही.